बरोबर वाक्य आणि खरं वाक्य

मास्तर,

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले आणि माझा राग अजून गेलेला नाही. राग म्हटलं की तुम्ही चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "कोनावर? मानसावर का गोष्टीवर?" माणसावर असला तर अँग्री विथ, गोष्टीवर असला तर अँग्री अबाउट. दोन्ही, मास्तर. तुमच्यावर आहे आणि तुम्ही जे केलंत त्यावरही आहे. नागपूरला पुतणीच्या लग्नाला जातो म्हणून सांगितलंत आणि दवाखान्यात राहून आलात. मी दर रविवारी तुमच्या ओसरीवर बसून चहा पीत होते आणि तुम्ही मला त्या लग्नातल्या बिर्याणीचं वर्णन ऐकवत होता. तुमच्या घरच्या, नसीमचाची, आता सांगतात, तेव्हा तुम्हाला साधी पेजसुद्धा जात नव्हती. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं खरी की खोटी ते तपासलंत, आणि स्वतः इतकं सफाईदार खोटं बोललात की मी त्या लग्नाचं जेवण घरी जाऊन आईलाही सांगितलं.

खरं म्हणजे मी तुमच्याकडे इंग्रजी शिकायला आलेच नव्हते. मला फक्त टायपिंगचा स्पीड हवा होता. बारावी झाली होती, बाबा कोळशाच्या कंपनीत पंप चालवायचे, आणि कोणीतरी सांगितलं होतं की मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस स्पीडची परीक्षा पास झाली की पोरीला ऑफिसात काम मिळतं. घुग्घुसच्या बस स्टँडमागे तुमची ती एक खोली. सहा मशिनी, भिंतीला टेकलेली बाकं, आणि सगळ्यावर कोळशाची बारीक काळी भुकटी. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे कापडाने एकेक अक्षर पुसायचं. 'ए' आणि 'ई' लवकर पुसून व्हायची, कारण ती सारखी वापरात. 'क्यू' आणि 'झेड'वर मात्र थर.

तिसऱ्या आठवड्यातच तुम्ही माझ्या टाइपरायटरची सरकती कॅरेज हाताने अडवलीत. मी पुस्तकातला उतारा बघून टाइप करत होते. एका मुलाबद्दल होतं, तो गणितात हुशार आहे, गुड इन मॅथेमॅटिक्स.

"गुड इन नाई. गुड अ‍ॅट."

"मास्तर, पुस्तकात इन हाय."

"पुस्तक चुकलं."

आणि तुम्ही खिशातला लाल पेन काढून छापील पुस्तकात 'इन' खोडलंत. मग मला आठवलं की त्या पुस्तकाच्या पानापानावर असे लाल ओरखडे होते. मला वाटलं होतं, आधीच्या मुलांच्या चुका असतील. मी म्हटलं, परीक्षेत जसं दिलंय तसं टाइप करायचं असतं, आपण सुधारायचं नसतं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मी तुमच्या घरात चपला घालून शिरले.

"टाइप करनारा म्हंजे टपालपेटी हाय का वो? जे टाकन ते घेनार?"

त्या एका वाक्यापायी मी पहिल्या वेळी नापास झाले. हे मी तुम्हाला निदान शंभरदा ऐकवलं असेल, आज पुन्हा ऐका. परीक्षेच्या उताऱ्यात मध्येच 'केपेबल' आला आणि माझी बोटं थांबली. पुढे 'ऑफ' येणार की 'टू', ते आठवत मी बसले. समोर कागद होता, मास्तर! त्यावर छापलेलं होतं! बघून मारायचं होतं फक्त. पण तुम्ही माझ्या डोक्यात घातलेलं ते खूळ, की आधी मनाशी ठरव, मग टाइप कर. शेवटच्या चार ओळी राहिल्या. निकाल सांगायला आले तेव्हा तुम्ही काय विचारलंत? "मंग काय होतं? केपेबल ऑफ होतं ना?" आणि खूश झालात. तुमच्या तोंडावर रिबनचं डबडं मारावंसं वाटलं होतं. दुसऱ्या वेळी पास झाले ती तुमच्यामुळे नव्हे, तुम्हाला विसरून.

पण तुमचं म्हणणं तरी काय होतं, ते मला आता, तुम्ही नसताना, नीट मांडता येतं. आपल्या मराठीत 'वर' हा एकच बिचारा सगळं ओझं वाहतो. राग माणसावर, विश्वास देवावर, प्रेम पोरांवर, अवलंबून घरच्यांवर. म्हणून आपली पोरं इंग्रजीत सगळीकडे 'ऑन' ठोकून देतात, अँग्री ऑन मी, आणि आपलं काही चुकलं असं त्यांना वाटतसुद्धा नाही. लग्न आपण कोणाशी तरी करतो, म्हणून मॅरीड विथ. तुमच्या घरात हिंदी बोलत, तिथे शेर 'से' डर लागतो, म्हणून तुमचा स्वतःचा पोरगा दहावीपर्यंत अफ्रेड फ्रॉम लिहायचा, आणि तुम्ही त्याला जेवणाच्या ताटावरून उठवायचात. इंग्रजीत प्रत्येक विशेषणाचा आपला ठरलेला सोबती असतो, फाँडचा ऑफ, मॅरीडचा टू, इंटरेस्टेडचा इन. का? तुम्ही म्हणायचात, "काऊन ते नको विचारू. तुही माय तुह्या बापालेच काऊन देल्ली, ते विचारते का?"

एवढ्यावर थांबला असतात तर तुम्ही एक बरे शिक्षक झाला असतात. पण लोक तुमच्याकडे अर्ज टाइप करून घ्यायला यायचे. शिफ्ट सुटली की मोटारसायकली ओळीने लागायच्या. कोणाला रजा हवी, कोणाची बदली, कोणाची तक्रार. कंपनीत इंग्रजी अर्ज लागायचा आणि लोकांना तो लगेच हवा असायचा. तुम्ही मात्र त्यांची उलटतपासणी घ्यायचात. डंपर चालवणारे मारोतीभाऊ आठवतात का? फोरमनच्या विरोधात तक्रार घेऊन आले होते, डोळे लाल, दुसऱ्या शिफ्टला जायची घाई.

"लिहा मास्तर, मी त्या फोरमनवर भयान नाराज हाय."

"फोरमनवर का फोरमनने केलं त्याच्यावर?"

"एकच ना जी ते!"

"एक नाई. माणसावर असन तं विथ लिहितो, मंग साहेब म्हनन तुमचं आपसातलं भांडन हाय. गोष्टीवर असन तं अबाउट लिहितो. मंग गोष्ट सांगा लागन."

अर्धा तास. मारोतीभाऊंनी तुमच्या खानदानाचा उद्धार केला, बाकड्याला लाथ घातली, पुन्हा बसले. शेवटी निघालं ते असं, की डंपरचा ब्रेक धड लागत नाही आणि फोरमन म्हणतो चालव तसाच. तुम्ही टाइप केलंत, मी फोरमनवर नाराज नाही, मला ब्रेकची काळजी वाटते, वरीड अबाउट द ब्रेक. मारोतीभाऊंना ते मुळीच आवडलं नाही. त्यांना शिवी हवी होती. कागद ओढून घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात डंपर दुरुस्तीला गेला. पण ते तुम्हाला सांगायला कधी आले नाहीत आणि त्यानंतर अर्ज चंद्रपूरहून टाइप करून घेऊ लागले. मी म्हटलं, बघा, तुमच्या असल्या वागण्याने गिऱ्हाईक तुटतं. तुम्ही म्हणालात, "ब्रेक लागला ना?"

तुमच्याशी बोलून कोणाचं समाधान होणार, सांगा.

मग ते पावसाळ्याचे दिवस आले, ज्यांबद्दल आपण पुढे बारा वर्षं कधी नीट बोललो नाही. बाबांना ताप आला. साधा मलेरिया म्हणून गोळ्या घेतल्या आणि तो डोक्यात गेला. चौथ्या दिवशी बाबा नव्हते. नोकरीत असताना गेले, म्हणून घरातल्या एकाला कंपनीत घेतील असं ऑफिसातल्या बाबूंनी सांगितलं. एकालाच. बाकीच्यांची संमती जोडायची आणि महिन्याच्या आत अर्ज द्यायचा.

विजय माझा मोठा भाऊ. नागभीडला धानाच्या मिलवर होता, बायको आणि लहान मुलगी घेऊन तिकडेच राहायचा. तेराव्यानंतर तो तिथल्या कोणाकडून तरी इंग्रजीत कच्चा मसुदा लिहून घेऊन आला. मला म्हणाला, "रेखा, तुले टायपिंग येते, दोन कार्बन लावून काढून दे." मी काही बोलले नाही. आमच्यात पोरीने अशा वेळी बोलायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. मोठा तो, संसार त्याचा. मी मशीनमध्ये कागद चढवला आणि मारायला लागले. मसुदा विजयच्या तोंडचा होता: मी, आई आणि बहीण असे आम्ही तिघे. आई आणि बहीण पूर्णपणे माझ्यावर अवलंबून आहेत. होली डिपेंडंट ऑन मी.

तुम्ही मागे येऊन उभे राहिला होता. मला वाटलं, आता हा माणूस 'ऑन'चं काहीतरी काढणार.

"व्याकरन एकदम बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. "टाइप नको करू."

विजयने वळून पाहिलं. "काऊन जी?"

"बरोबर हाय, पन खरं नाई. विजय, तुही माय तुह्यावर डिपेंडंट हाय?"

"मंग कोनावर?"

"मांगच्या साली तिच्या डोयाचं ऑपरेशन झालं. चंद्रपूरले कोन घेऊन गेलं? पट्टी सुटेपर्यंत कोन होतं? तू आला होता का?"

"मिलवर सिझन होता, मास्तर."

"मी तुले दोष नाई देऊन राह्यलो. मी इचारून राह्यलो, कोन कोनावर. वाक्यात मी नेमकं तेच इचारतो."

बाकावर सहा-सात जण होते. शिफ्टचे लोक, दोन मुली, चहा घेऊन आलेला माणूस. सगळे ऐकत होते. विजयचा चेहरा काळवंडला होता आणि मला जमीन फाटून आत जावंसं वाटत होतं. बाप जाऊन पंधरा दिवस झाले होते, मास्तर, आणि तुम्ही आमचं घर बस स्टँडवर मांडलंत. मी उठून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमच्यावर ओरडले.

"तुम्ही इंग्रजी शिकवा. माझं घर चालवू नका!"

तुम्ही खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलात. आणि मी तो अर्ज पुरा टाइप केला. तुमच्याच मशीनवर, तुमच्याच कार्बनवर, एक चूक न करता. त्या दिवशीचा स्पीड माझा सर्वांत चांगला असेल.

घरी आल्यावर विजयने आईपुढे कागद ठेवला. आईला सही येत होती, पण इंग्रजी कुठलं! तिने कागद उलटासुलटा करून पाहिला आणि मला म्हणाली, "यात काय लिवलं हाय ते वाच." मी वाचलं. मराठीत सांगावं लागलं. ते वाक्य आलं तेव्हा मी जरा भरभर बोलले.

"थांब. आता काय म्हनली?"

"तू आन् मी दादावर अवलंबून हावो."

आई माझी पोंभुर्ण्याकडची. लहानपणी मोहाची फुलं वेचली, तेंदूची पानं खुडली, लग्नानंतर दारामागच्या वाडीत भाजी पिकवून बाजारात विकली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"मी विजयवर?" ती म्हणाली. चिडून नाही, आश्चर्याने. "विजय, बापू, तू मले वर्साचे दोन दिवस दिसते. मी अवलंबून असन तं या पोरीवर हावो. इचं नाव टाका."

विजय रागाने बोलला, मग रडला, मग आणखी रागाने बोलला. म्हणाला, त्या मास्तराने तुम्हाला शिकवून ठेवलंय. आईला तर तुमच्या खोलीत काय झालं हे माहीतही नव्हतं. पण त्याने ते कधी मानलं नाही. संमतीच्या कागदावर सही केली, पेन फेकला, आणि त्याच संध्याकाळी गाडी पकडली. नंतर ना पत्र, ना सण. भाऊबीजेला मी आरतीचं ताट तयार करायची आणि उशिरापर्यंत झाकून ठेवायची. हे सगळं तुमच्या एका प्रश्नाने झालं असं मी धरून चालले होते, आणि अजूनही थोडं धरतेच.

तरी मला तुमच्याकडेच यावं लागलं. गावात तेव्हा इंग्रजी अर्ज धड काढणारा दुसरा होता कोण? आले, खुर्चीवर बसले, तुमच्याकडे न बघता म्हटलं, "माझा अर्ज करायचा आहे. मी वडिलांवर अवलंबून होते असं लिहायचं. नियमात तसं लागतं."

तुम्ही विचारलंत, "होती का?"

मास्तर, तो क्षण आठवला तरी माझ्या हाताच्या मुठी वळतात. मला नोकरी हवी होती, महिना संपत आला होता. मी म्हटलं, मी शिकवण्या घेते, घरचं मी बघते, आईचं मी बघते, तुम्हीच त्या दिवशी सगळ्यांसमोर ते बोललात. आता अर्जाला जे लागतं ते लिहा आणि मला मोकळं करा. तुम्ही म्हणालात, मग मी खोटं कसं लिहू. दोन दिवस! दोन दिवस तुम्ही तो कागद अडवलात. दुसरी कोणी असती तर चंद्रपूरला जाऊन करून आली असती. मीही जायला निघाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटचं सांगायला म्हणून आले, आणि दारातच तुम्हाला काहीबाही बोलले. तुमचं पोट खोट्यानेच तर भरतं, लोकांच्या रजेच्या अर्जांमध्ये किती आज्या मेल्या ते मोजा जरा, असंही बोलले.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तुही क्लास सुटायची तवा तुहा बाप कुठी राह्यचा?"

मी वळून रस्त्याकडे पाहिलं.

"समोरच्या चहाच्या टपरीवर," तुम्हीच म्हणालात. "पहिली शिफ्ट सुटली का घरी जाऊन तोंडावर पानी मारे, मंग इथी येऊन बसे. मी रोज त्याच्यासंगं चहा प्यालो. त्याले चहा आवडत नोयता. ट्रकवाले पोरीले काई बोलू नोय म्हनून बसे. तू बाहेर निंगाली का वीस पावलं मांगं मांगं येई. म्हने, तिले समजू नका देऊ, तिले राग येते. आता सांग. होती का?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी त्या रस्त्याने एकटी जाते असं समजत होते आणि त्याचा मला तोराही होता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"होते," मी म्हटलं.

तुम्ही कागद चढवलात आणि एका दमात पूर्ण अर्ज टाइप केलात. आय वॉज डिपेंडंट ऑन माय फादर. तुमची बोटं थांबली नाहीत. मशीनमधून काढून माझ्या हातात दिलात आणि लगेच पुढच्या माणसाला बोलावलंत, जसं काही मी कोणी अनोळखी बाई.

आठ महिन्यांनी मला टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामावर, घेतलं. कंपनीचं क्वार्टर आमच्याकडे राहिलं, आई माझ्याजवळ राहिली.

तुम्हाला वाटत असेल, एवढं झाल्यावर मी तुमच्याशी गोड वागले असेन. नाही. पगाराच्या पहिल्या रविवारी तुमच्या घरी आले ती भांडायलाच. म्हटलं, माझ्या भावाची माफी मागा. माझीही मागा. बस स्टँडवर बोललात त्याची. तुम्ही म्हणालात, "सॉरी अबाउट का सॉरी फॉर?" मी चहाचा कप खाली ठेवून निघून गेले. पुढच्या रविवारी परत आले. मग असं वर्षानुवर्षं चाललं. तुम्ही माफी मागितली नाहीत, मी आभार मानले नाहीत. चाची म्हणायच्या, तुम्हा दोघांना एकमेकांशिवाय भांडायला कोणी मिळत नाही.

नंतर कॉम्प्युटर आले. मी तुम्हाला किती समजावलं! मशिनी विका, दोन कॉम्प्युटर घ्या, पोरं तिकडेच चाललीत. तुम्ही ऐकलं नाही. शेवटी एकदा मी तुम्हाला सायबर कॅफेत हाताला धरून नेलं आणि दाखवलं, बघा, चुकलं की हा खाली हिरवी रेघ ओढतो, तुमचं काम हाच करतो. तुम्ही दोन बोटांनी, मुद्दाम हळूहळू, टाइप केलंत की मी तुझ्यावर रागावलोय, अँग्री ऑन यू. रेघ आली नाही. मग एक लांबलचक, अगदी शुद्ध वाक्य टाइप केलंत. त्याखाली हिरवी रेघ आली. तुम्ही इतक्या जोरात हसलात की कॅफेतली सगळी पोरं वळून पाहायला लागली. "याले काईच समजत नाई वो!" तुम्ही जिंकलात. आणि वर्षभरात इन्स्टिट्यूट बंद पडली. शेवटच्या दोन मशिनी भंगारवाला घेऊन गेला तेव्हा तुम्ही त्याच्याही बिलात इंग्रजीची चूक काढलीत.

त्या जिंकण्याचं काय करायचं मी? ओसरीवर बसून लोकांच्या लग्नपत्रिका लाल पेनाने सुधारणारा म्हातारा झालात तुम्ही. मला वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की मी तुमच्यावर ओरडायची.

विजयवरून तर आपलं शेवटपर्यंत पटलं नाही. तुम्ही म्हणायचात, "एक कार्ड टाक त्याले." मी म्हणायची, त्याने टाकावं, तो मोठा. तुम्ही म्हणायचात, तुझा राग गोष्टीवर आहे आणि तू तो माणसावर काढतेस. मी म्हणायची, तुमचं व्याकरण तुमच्यापाशी ठेवा. मागच्या महिन्यातल्या रविवारीही हेच झालं. तेव्हा तुम्ही नेहमीसारखे वाद न घालता गप्प बसलात. मला वाटलं, थकला असाल. मी जिंकले असंही वाटलं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी चाचींपाशी आत बसले होते. पुरुष मंडळी तुम्हाला घेऊन गेली होती. उन्हाने पत्रे वाजत होते. असरच्या, दुपार उतरल्यावरच्या, नमाजानंतर माती देऊन लोक परतले आणि त्यांच्यात एक माणूस होता, डोक्याला रुमाल बांधलेला, पायजम्याला लाल माती लागलेली. मी ओळखलंच नाही आधी. केस पिकलेत त्याचे. सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी होती, ती बायकांत येऊन बसली.

विजयला चाचींनी मिलवर फोन केला होता. नंबर तुमच्या डायरीत होता.

"तुझा काय संबंध?" मी अंगणात त्याला विचारलं. बारा वर्षांनी भावाशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

"दुसऱ्याच साली त्यांचं कार्ड आलं," तो म्हणाला. "माफी मांगतली. म्हने, खरं बोललो पन जागा चुकली. मंग मी लिहिलं, मंग ते लिहीत राह्यले. अश्विनी तिसरीत गेली तवापासून तिले कार्डावर इंग्रजी शिकवून राह्यले होते. तुले सांगतलं नाई?"

मला सांगितलं नाही! मला ओसरीवर बसवून चहा पाजलात, 'एक कार्ड टाक' म्हणालात, आणि तिकडे माझ्या भाचीला रिकाम्या जागा भरायला पाठवत होता. विजयची माफी मागितलीत, माझी नाही. आणि ही मुलगी कोणत्या इयत्तेत आहे, कशी दिसते, मला काही माहीत नाही, तुम्हाला सगळं माहीत. मी अंगणात उभी राहून रडत होते, आणि ते दुःखाने की संतापाने हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी त्याला मारलं असतं.

विजय घरी आला. उंबऱ्यावर उभा राहून पाणी प्यायला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "बस." तो बसला. दुसऱ्या दिवशी मिल होती म्हणून तो गेला, आणि जाताना खाली बघत म्हणाला, "अश्विनीले सुट्ट्या हायेत. राहू दे का दहा-पंधरा दिवस?"

ती राहिली आहे. आईजवळ झोपते, वाडीतली वांगी तोडते, मला जरा घाबरून असते. काल दुपारी तिने पिशवीतून तुमचं शेवटचं कार्ड काढलं. तुमचं अक्षर वाकडं झालंय त्यात, ओळी खाली घसरल्यात. पाच वाक्यं, प्रत्येकात एक रिकामी जागा. चार तिने पेन्सिलने भरलेली, चारही बरोबर. पाचवं तसंच. त्यात लिहिलं होतं, माझी आणि माझ्या आत्याची जवळीक आहे. आय अ‍ॅम क्लोज, मग रिकामी जागा, मग माय आत्या.

"टू," मी म्हटलं. "क्लोज टू. एवढं आलं नाही तुला?"

"आलं होतं," ती म्हणाली. मग कार्डाकडे बघत, "पन खरं नोयतं ना. ते म्हनत, खरं नसन तं भरू नको, तशीच ठेव."

मी उठून चहा ठेवला, मास्तर. दुधाचा अर्धा कप तिच्यासाठी वेगळा काढला. ती तिथेच बसून होती, पेन्सिल कानामागे अडकवून. ती जागा अजून रिकामी आहे. मी तिला भर म्हटलेलं नाही.